चवड्याची झीज

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकिटाचा जाडपणा बघून घाबरू नकोस. घरात पातळ कागद नव्हता, म्हणून बुटांच्या खोक्यातला घेतलाय. मजकूर थोडाच आहे.

तुझं मागचं पत्र मी चार वेळा वाचलं. तू सहज म्हणून लिहिलं होतंस, की तुमच्या प्रयोगशाळेत एका मुलीचं रक्त तपासायला आलं होतं. तिचे पाय वर्षागणिक ताठ होत चाललेत, चालताना एकमेकांत अडकतात, आणि अगदी लहान असताना तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. ते वाचून मी हातातला बूट खाली ठेवला. ताई, ती मुलगी म्हणजे मीच नाही का? फक्त वेणी नाही एवढंच.

गेल्या आठवड्यात समोरच्या शाळेतल्या बाई सँडल घ्यायला आल्या होत्या. मी सँडल आणायला उठलो, दोन पावलं टाकली आणि सरळ शिवणयंत्रावर जाऊन आदळलो. बाई म्हणाल्या, "अहो, सकाळी अकरालाच?" मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी हसलो. त्यांनाही हसूच आलं, आणि सँडल घेऊन त्या जरा घाईनंच गेल्या. दारूचं म्हणशील तर मी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे गेलेलो नाही, हे तुला माहीत आहे. पण बाईंना ते कुणी सांगायचं?

तर विचारायचं हे, की त्या मुलीचं तुम्ही जे तपासलंत ते माझं तपासता येईल का? आजार निघाला तर निघू दे. निदान लोकांना सांगता येईल, की हा माझा वेंधळेपणा नाही. बाबा होते तोवर त्यांना हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

आणि तुझे तपकिरी बूट कुठे आहेत? दर वर्षी तळ बदलायला पाठवायचे असं आपलं ठरलेलं, आता दीड वर्ष होऊन गेलं. बाबांच्या दुकानाशिवाय कुणाचा हात बुटांना लागू देणार नाही म्हणत होतीस. तिकडे दुसरा कुणी सापडला असेल तर तसं सांग, मी रडणार नाही.

तुझा,
चष्मिश


११ फेब्रुवारी

प्रिय चष्मिश,

तुला लहानपणी सर्दी झाली तरी तू मृत्युपत्र करायला निघायचास. पस्तिशी ओलांडलीस, खोड काही जात नाही. मी पत्रात एका मुलीचं लिहिलं आणि तू लगेच तिच्या जागी जाऊन बसलास. उद्या मी कावीळ झालेल्या माणसाबद्दल लिहिलं तर आरशात डोळे बघत बसशील.

तरी तपासू. एकदाची तुझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबेल.

काय तपासतो ते सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. आपल्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्यात चरबीचे बारीक कण असतात, आणि त्यांतल्या काहींना साखर चिकटलेली असते. त्या पडद्याशीच एक एन्झाइम बसलेलं असतं. चरबीला चिकटलेली ती साखर तोडून वेगळी करायची, एवढंच त्याचं काम. जीबीए-दोन असं त्याचं रुक्ष नाव आहे. ते काम करेनासं झालं की साखर लागलेली चरबी साचत जाते, आणि त्याचा त्रास मज्जातंतूंना होतो. म्हणजे पायांना होतो. असाच उद्योग करणारं दुसरं एक एन्झाइम पेशीच्या पोटात असतं. त्याला आम्ही औषध घालून गप्प बसवतो, आणि मग पडद्याजवळचं किती काम करतंय ते मोजतो. साखर तुटली की निळा उजेड पडेल असा एक पदार्थ घालायचा. जितकं एन्झाइम चांगलं तितका उजेड जास्त. झालं.

तुझ्या इथल्या दवाखान्यात रक्त काढून घे. सोबतच्या कागदावर कोणती नळी ते लिहिलंय. नळी बर्फात घालायची नाही, बर्फाजवळ ठेवायची. त्याच दिवशी निघाली पाहिजे. नातेवाइकाचा नमुना स्वतः तपासायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि आमचे डॉक्टर नियमांच्या बाबतीत आईपेक्षा कडक. म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन मीच करीन. कुणाला कळायचं कारण नाही.

बुटांना काही झालेलं नाही. इथे बसूनच काम असतं, झिजणार कसे? पाठवीन सावकाश.

तुझी,
ताई

ता. क. शाळेतल्या बाईंना सांग की तुझी बहीण रक्त तपासते, दारूचं प्रमाणही काढून देईल.


२६ फेब्रुवारी

प्रिय चष्मिश,

आधी बातमी, मग बाकीचं. तुला काहीही झालेलं नाही. शंभराला सत्त्याण्णव.

निरोगी माणसाचं एन्झाइम जेवढं काम करतं ते शंभर धरायचं आणि त्याच्या मानाने रुग्णाचं किती ते काढायचं, अशी आमची रीत आहे. तू सत्त्याण्णव आलास. त्या मुलीचे तीन आले होते. म्हणजे ती ती आहे आणि तू तू आहेस. माझा जीव भांड्यात पडला, तुझाही पडू दे.

रविवारी मी एकटीच होते. सगळी इमारत रिकामी, फ्रिजांची घरघर तेवढी. एरवी निरोगी म्हणून प्रयोगशाळेतल्याच दोघांचं रक्त घेतो, पण दोघं आणायची कुठून? मी माझंच घेतलं. डाव्या हाताला पट्टा बांधून उजव्या हाताने सुई टोचली, पट्टा दातांनी सोडवला. उजेड त्या दिवशी एकंदरच मंद पडला. तो निळा पदार्थ फार दिवसांचा झाला असावा, नवी बाटली अजून यायची आहे. पण मंद तर दोघांचाही मंद, त्यामुळे प्रमाण काही बदलत नाही.

ते तपासायची ताटली असते ना, काळ्या प्लास्टिकची, बारीक बारीक शहाण्णव खड्ड्यांची, तिच्यात तुझा आणि माझा खड्डा शेजारी-शेजारी होता. बाबा गेल्यापासून सहा वर्षांत आपण एवढे जवळ बसलो नव्हतो. मला उगाच भरून आलं. मग मीच मला हसले, आणि ताटली धुवायला टाकली.

आता एक स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. पायांत काही नसेल तर ते मनात आहे. एकटा राहतोस, दिवसभर खाली मान घालून बसतोस, उठलास की भेलकांडतोस. रोज अर्धा तास फिर. बाबा सांगत होते तेच मी सांगते. पाय उचलून चाल.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

सत्त्याण्णव म्हणजे शाळेत मला कधी मिळाले नाहीत इतके गुण झाले. कागद दुकानात लावून टाकावा असं वाटत होतं.

तू सांगितल्याप्रमाणे चालतो. दुकान बंद केलं की शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं होतात, त्यांच्या वीस फेऱ्या. प्रत्येक पावलाला मनात म्हणतो, उचल. उजवा उचलतो. डावा म्हणतो, कशाला? तरी बरंच जमतंय. पडलो मात्र नाही, एकदाही नाही.

एक सांगू का? निकाल वाचून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, कधीतरी कुणीतरी मोठा माणूस येईल आणि सांगेल, की याच्यात याचा दोष नाही. आता तू सांगितलंस, की आहे. तू मोजून सांगितलंस, म्हणजे बोलायला जागाच उरली नाही. तुला दोष देत नाही. बाईंनी परवा विचारलं, "आता बरं आहे ना?" मी म्हटलं, हो, मला काहीच झालेलं नव्हतं.

बूट पाठव. बसून काम असलं तरी बूट पाठव. तुझे बूट आले की खोकं उघडून आधी डाव्या बुटात हात घालतो. बाबा गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी डाव्या बुटात ठेवायचे, आणि तू तेव्हापासून पत्रही तिथेच कोंबतेस. चामड्याचा वास लागलेलं पत्र टपालातल्या पत्रापेक्षा चांगलं लागतं.

तुझा,
चष्मिश


८ एप्रिल

चष्मिश,

घे तुझे बूट. घाईत लिहितेय, नवीन यंत्र यायचंय आणि सगळ्यांची धावपळ आहे.

पुढे जरा घासलेत. इथले पदपथ फार खडबडीत आहेत. शिवाय खुर्चीखाली चवडे टेकवून बसायची मला सवय लागलीय. तू बघून चकित व्हायच्या आत सांगून टाकलं. नवा तळ लाव, बाकी काही करू नकोस.

यंदाही रजेचं जमत नाही. तू यायचं म्हणशील तर इथे खोली अगदीच लहान आहे, तुझी गैरसोय होईल.

ताई


२१ एप्रिल

प्रिय ताई,

बूट परत पाठवतोय. तळ पूर्ण नवे आहेत, टाचाही भरल्यात. पुढे चवड्याला एकेक पातळ पत्रा बसवलाय, चार चुकांवर, म्हणजे आमच्या बारीक खिळ्यांवर. आता पदपथ कितीही खडबडीत असोत, चिंता नाही.

काही फालतू प्रश्न विचारतो. कामाच्या भरात विसरू नकोस, उत्तरं दे. तुझ्या खोलीचा जिना केवढा आहे, आणि त्याला कठडा आहे का? सकाळी अंथरुणातून उठल्यावर पोटऱ्या लाकडासारख्या वाटतात का? दिव्याकडे बघितलं की भोवती कडं दिसतं का?

मी मजेत आहे.

तुझा,
चष्मिश


२ मे

चष्मिश,

पत्रे मी काढून टाकले. चिमट्याने चुका उपटताना नव्या तळाची थोडी नासधूस झाली, त्याला तू जबाबदार आहेस. तळाशिवाय काही करू नकोस असं मी स्वच्छ लिहिलं होतं.

एक दिवस घालून गेले होते. आमचा लांब कॉरिडॉर, फरशी गुळगुळीत. मी चालतेय आणि टक्, खर्र, टक्, खर्र असा आवाज. शेजारच्या खोलीतली माझी सहकारी दारात येऊन बघायला लागली. म्हणाली, "तुम्ही होय, मला वाटलं कुणी ट्रॉली ओढतंय." मी बसून दिवस काढला. चहालासुद्धा उठले नाही.

आणि तुझे प्रश्न. तुला बरं नसलं की आजूबाजूच्या सगळ्यांनाच बरं नसावं असं वाटतं का रे? मी पाच मजले जिने चढते. कठडा आहे, आणि कठडा असला की माणूस धरतोच. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, सकाळी पाय आखडणारच. या वयात दिव्याभोवती कडं कुणालाही दिसतं. अकरा वर्षं मी या प्रयोगशाळेत आहे. कुणाला काय झालंय ते मी सांगते, मला कुणी सांगायचं नाही.

तुझ्या हाताला काय झालंय? अक्षर असं काय आलंय, डाव्या हाताने लिहिल्यासारखं?

ताई


१४ जून

प्रिय ताई,

डाव्या हातानेच लिहिलं होतं. मनगट मोडलं होतं.

खोटं बोललो होतो ते आता सगळं सांगतो. मार्चमध्ये, चौदा पावलांच्या फेऱ्या मारताना, मी तीनदा पडलो. त्यानंतर जे पडलो ते तुझे बूट करून खोकं पोस्टात टाकायला निघालो तेव्हा, दुकानाच्या उंबऱ्यावरच. एप्रिलचं पत्र आधी लिहून खोक्यात ठेवलेलं होतं, ते मी पुन्हा डाव्या हाताने लिहून काढलं. आधीच्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं होतं, आणि पडल्यावर तिथे बसल्या बसल्या वाटलं, की नको. खोकं बाईंनी पोस्टात नेऊन दिलं. त्यांनीच मला दवाखान्यातही नेलं. वाटेत म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुम्हाला काहीतरी बोलले होते, ते विसरा." दुकान पाच आठवडे बंद होतं. तुला कळवलं नाही, कारण मला काही झालेलं नाही असं तू मोजून सांगितलं होतंस, आणि मग मनगट कशामुळे मोडलं ते मी तुला काय सांगणार होतो?

खोक्यात दोन जुने तळ आहेत. दोन्ही डाव्या पायाचे. एक तुझ्या बुटाचा काढलेला, एक माझ्या. मागे मी काही लिहिलेलं नाही. कुठला कुणाचा ते आधी ओळखून दाखव, मग पुढचं वाच.

ओळखलास? माझा थोडा मोठा आहे, एवढाच फरक.

मला एन्झाइम कळत नाही. तू सांगितलंस त्यातलं मला एवढंच समजलं, की नवा तळ चिकटवायच्या आधी जुनं सोल्यूशन खरवडावं लागतं, तसं खरवडणारं काहीतरी आत असतं. पण तळ मला कळतात. खडबडीत पदपथाने बूट टाचेकडून झिजतो. खुर्चीखाली चवडे टेकले तर टोकाची चकाकी जाते, खड्डा पडत नाही. तुझ्या बुटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, तिरकी झीज आहे. ती पाय उचलला जात नाही, ओढला जातो, तेव्हाच पडते. वीस वर्षांत मी अशी झीज फक्त माझ्या बुटांना बघितली. खोकं उघडलं तेव्हा क्षणभर मला वाटलं, माझाच जोड चुकून तुझ्या खोक्यात गेला.

म्हणून विचारतो. माझे सत्त्याण्णव आले ते कुणाच्या मानाने? त्या दिवशी निरोगी माणूस म्हणून तू कुणाला धरलं होतंस? बाबा नवा जोड शिवताना झिजलेल्या बुटावरून माप घेत नसत. म्हणायचे, दोन वाकडे बूट एकमेकांशेजारी ठेवले की दोन्ही सरळ दिसतात.

आणि बाबांचं एक तुला माहीत नसेल. ते माझ्यावर ओरडायचे ते तू ऐकलंयस. पाय उचल, पाय उचल. पण दर महिन्याला मी शाळेतून येईपर्यंत माझ्या दुसऱ्या जोडाच्या चवड्याला नवा पत्रा ठोकलेला असायचा. ते कधी बोलले नाहीत, मीही कधी विचारलं नाही. तोंडाने ओरडायचे आणि हाताने पत्रा ठोकायचे. तुझे बूट हातात आल्यावर मलाही बोलायचं सुचलं नाही, म्हणून पत्रा ठोकला. तू उपटून टाकलास ते ठीकच केलंस. तेव्हाच बोलायला हवं होतं.

माझं चुकत असेल तर दोन्ही तळ कचऱ्यात टाक आणि मला चार शिव्या घाल. चुकत असलो तर बरं होईल.

तुझा,
चष्मिश


१७ जुलै

प्रिय चष्मिश,

महिना लावला, माफ कर. पत्र तीनदा लिहून फाडलं.

तुझे तळ आले त्या दिवशी मी ते खिडकीत ठेवले आणि दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशीही. मग तळ पिशवीत घालून प्रयोगशाळेत गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. नियम मोडून भावाचं रक्त तपासलं, एकटीने तपासलं, निरोगी म्हणून स्वतःचं वापरलं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते तळ हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आधी बसा." अकरा वर्षांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं.

मधे दवाखान्यामार्फत तुझं रक्त पुन्हा का मागवलं ते तुला कळलं असेलच. या खेपेला डॉक्टरांनी स्वतः तपासलं. नवी बाटली, आणि निरोगी म्हणून माझी ती सहकारी आणि खालचा पहारेकरी. मी फक्त शेजारी उभी होते. यंत्रातून आकडे यायच्या आधी डॉक्टरांनी ताटली निळ्या दिव्याखाली धरली. सहकारीचा खड्डा उजळला. पहारेकऱ्याचा त्याहून उजळला. आणि त्यांच्या बाजूचे दोन काळेच राहिले. तुझा आणि माझा.

तुझे दोन आले, माझे तीन, तेही पूर्णांक धरले म्हणून; खरं तर तू अडीचच्या जरासा खाली आणि मी जराशी वर. पक्कं करायला आणखी एक तपासणी दुसरीकडे पाठवलीय, पण डॉक्टर म्हणाले, वेगळं काही येणार नाही. आई आणि बाबा दोघांकडेही त्या एन्झाइमची एकेक बिघडलेली प्रत असणार. एक बिघडलेली असली तर चालून जातं, त्यांना कधी काही झालं नाही. आपल्या दोघांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. तुझं लवकर सुरू झालं, माझं उशिरा. असं का, ते त्यांनाही सांगता येत नाही. औषध नाही. व्यायाम, पाय ताणायचे, लागेल तेव्हा काठी. डोळे दाखवायला सांगितलेत.

त्या मुलीच्या वेळी निरोगी म्हणून रक्त दोघांचं घेतलेलं होतं, आणि त्यात मी नव्हते. ते मी रजिस्टर काढून आधी बघितलं. चूक फक्त तुझ्या बाबतीत झाली.

चूक म्हणतेय, पण ते पुरतं खरं नाही. दोन वर्षांपासून मी जिना भिंतीला धरून उतरते. रस्ता ओलांडायला वेळ लागतो म्हणून लांबच्या सिग्नलवरून जाते. दोन वर्षांपूर्वी बूट पाठवायचे बंद केले ते तू बघशील म्हणूनच. सहा वर्षांतल्या पहिल्या चार वर्षांत खरंच रजा नव्हती. नंतरच्या दोन वर्षांत रजा होती आणि मी याच खोलीत बसून होते. त्या रविवारी सुई टोचताना माझा हात थांबला होता. पहारेकरी खालीच होता, त्याला हाक मारली असती तर तो आला असता. मी मारली नाही. कागदावर एकदा "निरोगी" च्या रकान्यात माझं नाव आलं, की संपलं, असं मला वाटलं. उजेड मंद दिसला तेव्हा बाटली जुनी आहे हे मी फारच लवकर ठरवलं.

आणि मग मी तुला लिहिलं, की ते मनात आहे. पाय उचलून चाल म्हणून लिहिलं. तेव्हा माझेच उचलले जात नव्हते. त्या वाक्यापायी तू चौदा पावलांच्या फेऱ्या मारल्यास आणि पडलास. हे मला रोज आठवतं. माफी मागून भागणार नाही, तरी मागते.

तुझा दोष नव्हता, रे. कधीच नव्हता. तुला कुणीतरी मोठ्या माणसाने येऊन हे सांगायला हवं होतं. मोठी मीच आहे, तेव्हा मीच सांगते. सोबतच्या कागदावर डॉक्टरांची सही आहे, तो दुकानात लाव.

संध्याकाळी खोलीत आले की दार लावते आणि मग कुणाशी बोलायचं नसतं. पूर्वी मला ते आवडायचं. आता मी खुर्चीवरून उठताना किती वेळ लागतो ते मोजते, आणि सांगायला कुणी नसतं. तुला सांगितलं.

तुझी,
ताई


३० जुलै

प्रिय ताई,

कागद लावला. आरशाशेजारी, गिऱ्हाईक बूट घालून बघतं तिथे. बाईंनी पूर्ण वाचला, चष्मा लावून. आकडा बघून म्हणाल्या, "दोन फार कमी आहेत हो." मी म्हटलं, आमच्या घरात तीनच्या वर कुणी गेलं नाही.

एकदा हसून झालं. मग दुकान लावून घेतलं आणि पोटभर रडलो. माझ्यासाठी नाही. मला माझं सव्वीस वर्षांपासून माहीत आहे, मला फक्त नाव हवं होतं आणि ते तू दिलंस. तू दोन वर्षं भिंतीला धरून उतरत होतीस आणि मी इथे बसून तुझ्यावर रुसलो होतो, त्याचं रडू आलं. माफी परत पाठवतोय, मला तिचा उपयोग नाही.

आता कामाचं. आपल्यासारख्या पायांना बाजारातला बूट चालत नाही. पुढचं टोक किंचित वर उचललेलं हवं, घोट्याला आधार हवा, आणि चवड्याला पत्रा लागेलच. माझ्यासाठी असा एक जोड शिवलाय, आठ दिवस घालून बघितला. पडलो नाही. या वेळी खरंच नाही. तुझा जोड शिवायचा आहे. तुझ्या पायाचं माप माझ्याकडे आहे, पण ते बाबांनी घेतलेलं, ताठ व्हायच्या आधीचं. पाय बदलला की माप नव्याने घ्यावं लागतं, आणि ते पत्राने घेता येत नाही.

म्हणून मी येतोय. अकरा तारखेची सकाळची गाडी, दुपारी दोनला तुझ्या स्टेशनवर. खोली लहान आहे असं सांगू नकोस. माप घ्यायला एक खुर्ची आणि जमिनीवर एक कागद लागतो. काठी आणलीय. दोन आणल्यात.

तुला शोधायचं कसं याचा विचार केला. सहा वर्षं झाली. माझ्या चष्म्याने मला गर्दीतलं तोंड ओळखू येत नाही, आणि तुझ्या डोळ्यांचंही आता तू लिहिलंच आहेस. म्हणून असं कर. या पाकिटात दोन पत्रे आणि आठ चुका आहेत. तपकिरी बुटांना जुनी भोकं असतील, त्यांतच बसव. खालच्या पहारेकऱ्याला सांगितलंस तर तो ठोकून देईल, त्याच्याकडे हातोडी असणार. ते बूट घालून ये.

फलाटावर पाय उचलून चालू नकोस. जशी चालतेस तशी चाल. मी पण तसाच येईन. तू मला ऐकू यायला हवीस.

तुझा,
चष्मिश